तलवार म्यानात, मिनीमॅप बंद

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये धावणं सोडून चालायचं असेल तर कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबावं लागतं. गेम आला २०११मध्ये. मला हे कळायला त्यानंतर दहाएक वर्षं गेली, आणि कळलं तेही चुकून. ‘ए’वर जाणारं बोट शेजारच्या बटणावर पडलं आणि इतकी वर्षं शेवटची गाडी पकडायला निघाल्यासारखा पळणारा माझा योद्धा एकदम सावकाश पावलं टाकू लागला. आधी वाटलं, कीबोर्ड गेला. मग शेजारच्या नदीचा आवाज आला. नदी तिथे कायमच होती, माझ्याच बुटांच्या धपधपीत ती कधी ऐकू आली नव्हती.

त्याच रात्री ठरवलं, की खेळून संपवलेल्या गेम्समध्ये परत जायचं. जिंकायला नाही, नुसतं फिरायला. नियम तीन: हत्यार म्यानात, मिनीमॅप (पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा) बंद आणि फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून क्षणात दुसरीकडे पोचणं) नाही. जिथे जायचं तिथे वाटेने जायचं.

पहिला मुक्काम अर्थातच स्कायरिममधलं रिव्हरवुड. त्यासाठी मात्र नवा गेम सुरू केला, कारण हे गाव ज्या वाटेने पहिल्यांदा भेटतं ती वाट सोडून चालणार नव्हतं. सुरुवातीलाच तुमची मान ओंडक्यावर ठेवलेली असते. वर कुऱ्हाड उचलली जाते आणि तेवढ्यात ड्रॅगन येतो. धूर, किंकाळ्या, भुयार, कोळी, अस्वल, आणि मग गुहेतून बाहेर उजेड. तिथून उतार लागतो. पाइनची झाडं, वाटेत तीन उभ्या शिळा, खाली नदी, पलीकडच्या डोंगरावर एका पडक्या थडग्याच्या कमानी. गावात शिरलं की लोहाराची हातोडी, पाण्यावर चालणारी लाकूड कापायची गिरणी, मोकाट कोंबड्या. (कोंबड्यांपासून जपून राहा. एकीला तलवार लागली तर अख्खं गाव अंगावर येतं.)

स्कायरिममध्ये जमिनीवर बसता येत नाही, बाक शोधावा लागतो. मला एक सापडला. खरं सांगायचं तर रिव्हरवुडमध्ये बघण्यासारखं काहीच नाही. मोजकी घरं आणि एक रस्ता. जेरेमी सोल यांचं संगीत मध्येच सुरू होतं, विरतं, मग बराच वेळ नुसता वारा. पण अर्ध्या तासापूर्वी मान ओंडक्यावर होती, हे अंगात अजून असतं. हेच गाव गेमने चाळीस तासांनी दाखवलं असतं तर मी तिथे भंगार विकलं असतं आणि पुढे गेलो असतो.

रिव्हरवुडहून ईशान्येला ईस्टमार्चच्या माळावर गेलो. तिथे जमिनीतून वाफा निघतात, गरम पाण्याची डबकी आहेत, आणि एका डबक्यात तीन शिकारी कपडे काढून निवांत डुंबत बसलेले भेटतात. कुणाला मारायला सांगत नाहीत, काही आणायला सांगत नाहीत. स्कायरिममध्ये असे लोक दुर्मीळ. त्यांच्याकडे जाताना वाफेत एका राक्षसाचा तळ दिसला नाही. त्याने सोटा हाणला आणि मी सरळ ढगांत गेलो. वरून माळ फार सुंदर दिसत होता, एवढं नमूद करतो.

आता जिथे सगळे शांततेसाठी जातात, त्या शेती करायच्या स्टारड्यू व्हॅलीबद्दल. एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवलेला २०१६चा हा गेम मला मनापासून आवडतो, पण विश्रांती म्हणाल तर माझ्या नशिबात नाही. इथली दहा मिनिटं म्हणजे आपली साधारण सात सेकंदं. सकाळी सहाला उठायचं आणि रात्री दोनला जिथे असाल तिथे कोसळायचं, म्हणजे सगळा दिवस आपल्या जेमतेम चौदा मिनिटांचा. समुद्रकिनारी बसायचं म्हणून गेलो, तर डोक्यात हिशेब सुरू: आज झाडांना पाणी झालं का, लोहाराचं दुकान बंद व्हायच्या आत पोचणार का. दोष गेमचा नाही, माझ्यातल्या कारकुनाचा आहे. तीन दिवसांत काढता पाय घेतला.

ब्रेथ ऑफ द वाइल्डमधला सातोरी डोंगर मात्र नव्याने भेटला. एरवी हा साधा डोंगर. काही रात्री मात्र त्याच्या माथ्यावर फिकट हिरवा उजेड दिसतो. तो दिसला की वर जायचं. माथ्याजवळ एक लहानसं तळं, काठाला बहरलेलं चेरीचं झाड, आणि सशासारखे निळे चमकते जीव पाण्याभोवती जमलेले. त्यांच्या मधोमध डोंगराचा स्वामी उभा असतो, चार डोळ्यांचा, घोड्याच्या बांध्याचा, अंगातून प्रकाश झिरपणारा. निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता २०१५मध्ये गेले, गेम २०१७मध्ये आला. ही जागा त्यांच्या आठवणीसाठी आहे असं खेळाडू मानतात, आणि डोंगराचं नाव वाचलं की मलाही ते पटतं.

पूर्वी मी इथे काय केलं होतं ते सांगायला लाज वाटते. सशांना बाण मारले, कारण बाण लागला की त्यांच्यातून पैसे पडतात. मग मागून दबकत जाऊन स्वामीच्या पाठीवर चढून बसलो आणि तबेल्याकडे दौडत गेलो. तबेलेवाल्याने त्याला घ्यायला नकार दिला. या वेळी झाडामागे वाकून बसलो आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला. हात सुटले की कळतं, इथे पियानोचे सूरही किती जपून टाकलेत. पहाट होईपर्यंत मी हललो नाही. उजाडल्यावर ते सगळे नाहीसे झाले आणि मागे साधा डोंगर उरला.

घोस्ट ऑफ त्सुशिमात माझा दुसरा नियम गेमनेच आधी पाळलेला. मिनीमॅप नाहीच. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि तो वाहील तिकडे जायचं. १२७४चं मंगोल आक्रमण चालू आहे, गावं जळताहेत, आणि आपण गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून घोडा हाकतोय. गरम पाण्याच्या झऱ्यात नायक चिलखत उतरवून बसतो, कशाचा विचार करायचा ते आपण ठरवायचं. फार छान. पण उठताना त्याची ताकद थोडी वाढते. हायकू रचायला बसावं, तर शेवटी कपाळाला बांधायची पट्टी बक्षीस मिळते. बक्षीस दिसलं की माझ्यातला कारकून पुन्हा वही उघडतो. या गेमची एक गोष्ट मात्र पडद्याबाहेरची आहे. खऱ्या त्सुशिमा बेटावरच्या एका शिंतो देवळाची तोरी कमान २०२०च्या वादळात कोसळली, तेव्हा ती पुन्हा उभी करायला जगभरच्या खेळाडूंनी पैसे पाठवले. ज्या बेटावर आपण नुसते वाऱ्यामागे हिंडलो त्याचं देणं लागतो असं त्यांना वाटलं असावं.

पुढचा मुक्काम ऐकून मित्राने मला वेड्यात काढलं. रेसिडेंट ईव्हिल २, २०१९ची नवी आवृत्ती, रॅकून सिटीचं पोलीस ठाणं. तळमजल्यावर फोटो धुवायची डार्करूम आहे. लाल दिवा, एक टाइपरायटर, सामान ठेवायची पेटी. ही सेव्ह रूम, म्हणजे खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायची सुरक्षित खोली. बाहेर व्हरांड्यात लांब कोट आणि हॅट घातलेला टायरंट नावाचा धिप्पाड राक्षस फिरत असतो. गोळ्या घालून तो मरत नाही, फार तर थोडा वेळ गुडघ्यावर बसतो. त्याची पावलं मजल्यांच्या आरपार ऐकू येतात. धप्प. धप्प. ती जवळ येतात, दाराशी थांबतात, आणि परत फिरतात. डार्करूममध्ये त्याला यायला मनाई आहे.

मी तिथे वीस मिनिटं बसलो. इतकं मोकळं मला स्टारड्यूच्या शेतावर एकदाही वाटलं नव्हतं. जे ॲपल्टन या ब्रिटिश भूगोलज्ञांनी १९७५मध्ये मांडलं होतं, की माणसाला अशी जागा आवडते जिथून बाहेरचं दिसतं पण बाहेरच्याला आपण दिसत नाही. डार्करूममधून काहीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं. तरी ते चालतं. किंबहुना पावलं थांबली की खोली नुसती खोली होते आणि मला उठावंसं वाटायला लागतं.

म्हणून शेवटचा मुक्काम आउटर वाइल्ड्स, २०१९. एक छोटी सूर्यमाला आहे, आणि बावीस मिनिटांनी तिचा सूर्य फुटतो. सगळं संपतं, आणि तुम्ही पुन्हा त्याच शेकोटीपाशी जागे होता. असं का, हे सांगणार नाही. ते शोधणं हाच गेम आहे. मी ते शोधून बसलो होतो, त्यामुळे हातात बावीस मिनिटं मोकळी होती.

आधी यान सूर्यमालेच्या बाहेर नेलं, इंजिन बंद केलं आणि सिग्नलस्कोप, म्हणजे दूरचे आवाज पकडणारं यंत्र, मागे रोखला. वेगवेगळ्या ग्रहांवर आपला एकेक प्रवासी वाद्य घेऊन बसलाय. एकजण बॅन्जो वाजवतो, एकजण तालवाद्य, एकजण हार्मोनिका, एकजण बासरी, आणि चंद्रावरचा नुसती शीळ घालतो. जवळ गेलं की एकेकटे ऐकू येतात. इतक्या दुरून सगळे एका दिशेला येतात, आणि तेव्हा कळतं की हे सगळे एकच गाणं वाजवताहेत.

मग बासरीकडे वळलो. जायंट्स डीप हा हिरव्या ढगांनी झाकलेला ग्रह, खाली नुसता समुद्र, त्यात तरंगती बेटं, आणि बेटं उचलून थेट अंतराळात भिरकावणारी चक्रीवादळं. त्यातल्या एका बेटावर दोन झाडांमध्ये हॅमॉक बांधून गॅब्रो पडलेले असतात. (इथले लोक स्त्री की पुरुष हे गेम सांगत नाही. त्यावर मराठीचं आदरार्थी बहुवचन हा उत्तम तोडगा.) सूर्य फुटतो, आपण पुन्हा जागे होतो, हे माझ्याखेरीज फक्त गॅब्रोंना माहीत आहे. त्यांनी त्यावर काय केलं? बासरी काढली. ते ध्यानही शिकवतात. डोळे मिटले की उरलेली मिनिटं गाळून थेट पुढच्या फेरीत. इतकं छान हॅमॉक सोडून पुढे जायची घाई कुणाला असते, देव जाणे.

मी यान किनाऱ्याला निष्काळजीपणे उभं केलं होतं. चौदाव्या मिनिटाच्या सुमाराला वादळ आलं आणि बेट आमच्यासकट वर गेलं. ढगांचा थर फुटला, क्षणभर काळं आकाश आणि तारे दिसले, मग पोटात गोळा आणून बेट पुन्हा पाण्यावर आपटलं. यान नाहीसं झालं होतं. गॅब्रोंची बासरी तशीच चालू होती. परतीची सोय राहिली नाही, म्हणून मी हॅमॉकशेजारी उभा राहिलो. शेवटचं दीड मिनिट उरलं की गेम एक संथ धून वाजवू लागतो. पाऊस पडत होता. मी दोन वेगवेगळी गाणी एकाच वेळी ऐकत राहिलो.

मग सगळं पांढरं झालं.

डोळे उघडले तेव्हा शेकोटी जळत होती आणि बरोबर डोक्यावर तो हिरवा गोळा होता. त्याच्याजवळ काहीतरी फुटल्याचा लखलखाट झाला, दर वेळी होतो तसा. तिकडे गॅब्रोही आत्ताच जागे झाले असणार. यान वर तळावर तयार होतं. मी काठीला मार्शमेलो लावला आणि तो करपेपर्यंत त्या गोळ्याकडे बघत बसलो.