कोळशाच्या खाणीवरचा वाद्यवृंद

पोलंडमधल्या क्राकूफला आलेला प्रवासी सहसा कातोवित्सेकडे वळत नाही. रेल्वेने तासाभराचंच अंतर, पण सायलेशियातलं हे शहर म्हणजे कोळसा, पोलाद आणि धूर अशी जुनी ख्याती. मी गेले ती पोलिश रेडिओच्या राष्ट्रीय सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी. तिथे सगळे त्याला पोलिश नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नोस्पर’ म्हणतात.

वाटेत स्पोडेक लागतं, १९७१ सालचं, उडत्या तबकडीसारखं दिसणारं क्रीडागृह. त्याच्या पलीकडे पूर्वी कोळशाची खाण होती. १८२३ साली सुरू झालेली ही खाण १९९९ मध्ये बंद पडली. आता तिथे सायलेशियन संग्रहालय, परिषद केंद्र आणि ऑर्केस्ट्राचं घर आहे. खाणीचा जुना मनोरा मात्र राखून ठेवलाय, वर जाऊन आजूबाजूचा परिसर बघता येतो.

हा वाद्यवृंद मूळचा वॉर्साचा. कंडक्टर ग्झेगोश फिटेलबेर्ग यांनी १९३५ साली तो उभा केला, आणि चारच वर्षांत युद्धाने मोडून टाकला. १९४५ मध्ये वॉर्सा बेचिराख झालेलं असताना विटोल्ड रोवित्स्की यांनी कातोवित्सेत वादक गोळा करून पुन्हा सुरुवात केली. फिटेलबेर्ग १९४७ साली परतले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनीच तो सांभाळला. त्याच वर्षी स्टालिन वारला आणि सरकारने कातोवित्सेचं नाव बदलून ‘स्टालिनोग्रुद’ केलं! ते १९५६ पर्यंत टिकलं.

या वाद्यवृंदाचं नाव झालं ते सभागृहामुळे नव्हे. काम रेडिओचं, म्हणजे ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण. त्यामुळे नवं संगीत हाताळायची सवय लागली, आणि पोलंडचे संगीतकार आपली अवघड, अनोळखी रचना विश्वासाने यांच्याकडे देऊ लागले. पुढे कंडक्टर अंतोनी वित यांच्या काळात मालर, मेसियाँ या संगीतकारांच्या रचनांच्या सीडी जगभर गेल्या. माझी ओळखही तशीच, आधी कानांनी झालेली. पण एवढा नावाजलेला वाद्यवृंद, आणि त्याला आपलं म्हणावं असं साजेसं सभागृह मिळालं थेट २०१४ साली. त्यासाठी आग्रह धरणारे संगीतकार वोयचेख किलार डिसेंबर २०१३ मध्ये गेले. समोरच्या चौकाला आता त्यांचं नाव आहे.

इमारत टोमाश कोन्योर यांची. बाहेर विटांच्या खांबांच्या रांगा आणि त्यांच्या आतल्या बाजू भडक लाल. हा रंग कुठला ते दुसऱ्या दिवशी कळलं. निकिशोव्हिएत्स या खाणकामगारांच्या जुन्या वसाहतीत खिडक्यांच्या चौकटी अशाच लाल रंगवलेल्या आहेत. सभागृहात सुमारे १,८०० आसनं, मंचाला चहूबाजूंनी वेढणारी, आणि भिंती काळ्या, नक्षीदार काँक्रीटच्या. कोळशाची आठवण इतकी उघड करून द्यायची गरज होती का, असं आधी वाटलं. दिवे मंद झाल्यावर मात्र त्या भिंती नजरेआड होतात आणि लाकडी मंच तेवढा उरतो. आवाजाची आखणी, म्हणजे ध्वनिरचना, जपानच्या यासुहिसा टोयोटा यांची.

त्या संध्याकाळी पोलिश संगीतकार लुटोस्वाव्स्की यांचं ‘मुझिका झाओब्ना’, म्हणजे शोकसंगीत, होतं. हंगेरियन संगीतकार बार्तोकच्या स्मरणार्थ लिहिलेली ही फक्त तंतुवाद्यांची रचना. १९५८ साली यान क्रेन्त्स यांच्या संचालनाखाली याच वाद्यवृंदाने, याच शहरात ती पहिल्यांदा वाजवली. आरंभी दोन चेलो एकमेकांच्या मागोमाग तेच सूर घेत जातात. मी मंचामागच्या स्वस्त आसनावर होते, तरी दोघांचे आवाज वेगवेगळे ओळखू येत होते. रेकॉर्डिंगमध्ये मला ते कधी जमलं नव्हतं.

मंचामागचं आसन मी पुन्हाही घेईन. तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो, आणि वादकांना तो जे डोळ्यांनी सांगत असतो ते समोर बसलेल्यांना कळतच नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर आधी वेळापत्रक बघा, हंगाम तेव्हा संपलेला असतो.