सेन्सर बदलला, तरी दिवा का जात नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि हा प्रश्न सारखा येतो. स्कॅनरनं (गाडीला जोडून दोषाचा कोड वाचायचं यंत्र) सेन्सर दाखवला, नवा टाकला, दोन दिवसांनी चेक इंजिनचा दिवा परत हजर. असं कसं?

कारण सेन्सर खराब आहे असं स्कॅनर म्हणालेलाच नसतो. पी ०११८ हा कोड घ्या. इंजिनाच्या कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त येतंय, एवढाच त्याचा अर्थ. त्या सर्किटमध्ये सेन्सर येतो, कपलर (वायरी जोडायचा प्लग) येतो, दोन वायरी येतात आणि ईसीएमही (इंजिनाचा कॉम्प्युटर) येतो. दोष यातल्या कुणाचाही असू शकतो. बदलायला सगळ्यात सोपा सेन्सर, म्हणून तोच बदलला जातो.

फुलेवाडीचे एक निवृत्त शिक्षक त्यांची २००७ ची पेट्रोल गाडी घेऊन आले होते. सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. पण बाजारात जाऊन आलं की गरम इंजिन काही केल्या उचलत नव्हतं, पेट्रोलचा वास यायचा, सायलेन्सरमधून काळा धूर. ॲव्हरेज पंधरावरून दहावर आलं होतं. त्याआधी एका गॅरेजमध्ये दोनदा सेन्सर बदलून झाला होता. काढलेले दोन्ही सेन्सर सरांनी रुमालात बांधून आणले होते.

"सर, गाडी रात्रभर इथंच राहू दे," म्हटलं. हे मी मुद्दाम करतो. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचं कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान सकाळी जवळपास सारखंच असायला हवं. दुसऱ्या दिवशी सेल्फ न मारता नुसती चावी फिरवून स्कॅनरवर पाहिलं. हवा २४ अंश, कूलंट ८ अंश. कोल्हापुरात, बंद शेडमध्ये, ८ अंश!

हा सेन्सर म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) बदलणारा छोटासा तुकडा. थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ९० अंशांना अडीचशेवर येतो. वाटेत कुठं फुकटचा रेझिस्टन्स घुसला, की ईसीएमला इंजिन आहे त्यापेक्षा गार वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. सरांची गाडी तापवून पाहिली. रेडिएटरचा पाइप हाताला सोसवत नव्हता, डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर होता (त्या गाडीत काट्याचा सेन्सर वेगळा आहे) आणि स्कॅनर म्हणत होता २३ अंश. थंडीतल्या सकाळी लागतं तेवढं पेट्रोल ते इंजिन दिवसभर पीत होतं.

आता नीट बघा, कारण सगळं इथंच आहे. सेन्सरचा कपलर काढला. स्कॅनरवर उणे ४०. बरोबर आहे, सर्किट तुटलं की तेच दिसायला हवं. मग कपलरच्या दोन पिनांना वायरचा तुकडा लावून शॉर्ट केलं. वायरी चांगल्या असत्या तर आकडा शंभरच्या बराच वर उडाला असता. तो २६ वर थांबला. सेन्सर तर बाहेर होता! म्हणजे दोष त्याच्यामागे, वायरीत किंवा ईसीएममध्ये. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि नवा सेन्सर घेण्याआधी ती करायलाच हवी, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

बॅटरीची वायर सोडवली, ईसीएमचा कपलर काढला आणि मीटर लावून दोन्ही वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजल्या. एक वायर अर्धा ओहमसुद्धा नाही, दुसरी दोन हजार. हलवलं की आकडा नाचायचा, कधी वायर पूर्णच तुटायची. दिवा लागायचा तो त्या क्षणी. टेप उकलत गेलो, तर बॅटरीच्या ट्रेखाली कुणीतरी पूर्वी दोन टोकं नुसती पिळून टेप गुंडाळलेली. वॉशिंगचं पाणी आत जाऊन तांब्यावर हिरवा कळंक चढलेला. नखानं खरवडला तर पीठ पडलं. खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली. गाडी तापवली, आकडा ८८ वर गेला.

सर संध्याकाळी आले तेव्हा रुमालातले दोन्ही सेन्सर घेतले, एका जुन्या भांड्यात पाणी ठेवलं आणि शेगडी पेटवली. (सेन्सरला लागलेलं कूलंट विषारी असतं. हे भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही.) सेन्सरची फक्त टोकं पाण्यात धरली. पाणी तापत गेलं तसे मीटरवरचे आकडे दोन्हीकडे सारखे उतरत आले. पाणी उकळलं तेव्हा दोघेही दोनशे ओहमच्या खाली होते.

"म्हणजे पहिलाच चांगला होता?" सरांनी विचारलं.

"हो सर."

त्यांनी दोन्ही पुसून रुमालात बांधले आणि गाडीच्या कप्प्यात ठेवले.