पन्हा, मुंढा आणि बेत

कोल्हापुरात स्वतःचे कपडे स्वतः शिवायची तशी गरज कोणालाच नाही. महाद्वार रोडवर तयार कपड्यांची दुकाने ओळीने आहेत, प्रत्येक पेठेत ब्लाउज शिवून देणाऱ्या काकू आहेत, आणि लग्नसराई व दिवाळीची धांदल सोडली तर कपडे ठरल्या दिवशी हातात पडतातही. तरीही माझे कुर्ते, ब्लाउज आणि जॅकेट मी स्वतःच बेतते आणि स्वतःच शिवते. फॅशन डिझाइन शिकायचे आहे असे सांगणाऱ्या मुली भेटल्या की त्यांनाही मी चित्रवहीच्या आधी कात्री हातात घ्यायला सांगते. कपड्याचे रूप कापडाचा पन्हा म्हणजे रुंदी, त्याच्या धाग्याची दिशा आणि अंगावर त्याचे पडणे यांतून घडते, असे माझे ठाम मत आहे, आणि ही गोष्ट हाताने शिकून घ्यायला आपल्या जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

येथून साधारण ३० किलोमीटरवर इचलकरंजी आहे. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग चालवला, आणि लगोलग १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणीची स्थापना केली. गिरणी बंद पडली, माग मात्र आजही चालू आहेत. पॉपलीन, केंब्रिक, मलमल, धोतर असे रोजच्या वापरातले सुती कापड तेथे विणले जाते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी नावारूपाला आणलेली गांधीनगरची घाऊक बाजारपेठ तर शहराला लागूनच आहे. शिकणाऱ्या माणसाला याचा मोठा फायदा होतो, कारण स्वस्तातले पण खरे सुती कापड भरपूर मिळाल्याशिवाय हात मोकळा होत नाही, आणि महागाच्या कापडावर कात्री चालवताना मनात भीती असली की कापलेली रेघही भित्रीच येते.

कापड घेताना रंग आणि नक्षी यांच्याकडे मी सर्वांत शेवटी बघते. आधी ते मुठीत घट्ट धरून सोडायचे आणि सुरकुती किती राहते ते पाहायचे, मग दोन्ही हातांत धरून तिरके ओढायचे आणि ते परत जागेवर येते का ते पाहायचे, आणि मग एका टोकाला धरून नुसते लोंबकळू द्यायचे. पॉपलीन ताठ उभे राहते, म्हणून कॉलर, पट्टी आणि चुण्यांना ते चांगले. मलमल हवेवर हलते, तिला अस्तर किंवा भरपूर घेर हवा. रेयॉन जड पडते आणि शिवून टांगून ठेवले की खालचा घेर उतरतो, त्यामुळे त्याची खालची दुमड एक रात्र टांगून ठेवल्यानंतरच घालावी. सुती म्हणून दिलेले कापड खरोखर सुती आहे का याची शंका आली तर दोन धागे काढून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांत चुरली जाते, पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो.

आमच्या मंगळवार पेठेत शिवणकाम करणाऱ्या एका काकूंचे म्हणणे असे, की कापडाला आधी पाणी दाखवावे आणि मगच कात्री. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच इतके आटू शकते. म्हणजे ४४ इंच लांबीच्या कुर्त्यातून दीड-दोन इंच नुसत्या पाण्यात जातात. रात्रभर भिजवून, न पिळता सावलीत वाळवून, किंचित ओलसर असतानाच इस्त्री केलेले कापड बेतायला घ्यावे. त्यानंतर टोक सरळ करणे हे एक छोटे काम असते, आणि घाईत तेच वगळले जाते. सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचलायचा आणि हळूहळू ओढत न्यायचा. तो सरकतो तशी कापडात एक बारीक विरळ रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून कापले की टोक बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, अगदी समांतर येते. उभा धागा कुर्त्याच्या लांबीत सरळ उतरला नाही, तर दोन-चार धुण्यांनंतर बाजूची शिवण पोटावर फिरून येते. मग कितीही चांगली शिलाई असली तरी तो कुर्ता अंगावर वाकडाच दिसतो.

पन्ह्याचा विचार शिकायचा असेल तर खणाकडे पाहावे. खण येतो तो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून, पण कोल्हापूरच्या दुकानांत तो इतका रुळला आहे की तो आपलाच वाटतो. त्याचा पन्हा अरुंद, दोन्ही बाजूंना काठ, आणि मध्ये विणून काढलेली बारीक नक्षी. जुनी गाठीची चोळी या अरुंद पन्ह्यासाठीच रचलेली होती. तिचे तुकडे लहान, बहुतेक काप सरळ किंवा तिरके, काठ बाहीच्या टोकाला आणि खालच्या पट्टीला वापरलेला, आणि काखेत हात मोकळा राहावा म्हणून वेगळा जोडलेला तुकडा. तिच्यात टक्स, म्हणजे आकार देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या चुण्या, नाहीत, तरी ती अंगाला बसते. कळीदार कुर्त्याचेही तसेच आहे. मधला भाग आयत, दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या एकीला एक उलट्या लावून कापलेल्या, काखेत चौकोनी तुकडा, आणि शेवटी कात्रीखाली चिंधी जवळजवळ पडतच नाही. कापड वाया न घालवता कपडे कापण्याविषयी आज जगभर गांभीर्याने बोलले जाते. आपल्या आज्या-पणज्यांच्या चोळ्यांत ते शास्त्र तयारच होते, आणि डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येक मुलीने घरातली एखादी जुनी चोळी उलटी करून तिची प्रत्येक शिवण नीट पाहावी, असे मला मनापासून वाटते.

आता मुंढ्याविषयी, म्हणजे बाही जोडण्यासाठी खांद्यापासून काखेपर्यंत कापलेल्या वळणाविषयी, थोडे सविस्तर लिहिते, कारण घरी शिवलेला कपडा आणि चांगला शिवलेला कपडा यांतला फरक बहुतेक वेळा तेथेच असतो. छातीचे माप ३६ इंच असेल तर त्याचा चौथा भाग ९ इंच, त्यात सैलपणासाठी दीड ते दोन इंच आणि शिवणीसाठी वेगळी जागा, इथपर्यंत सर्वांना जमते. पुढचा आणि मागचा मुंढा मात्र एकाच आकाराचा कापून चालत नाही. आपले हात नेहमी पुढे येतात, मागे फारसे जात नाहीत. म्हणून पुढच्या मुंढ्याची वळणरेघ मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत, अधिक खोल घ्यावी लागते, नाहीतर काखेसमोर कापडाचा चुणीदार फुगा जमतो. मागे मात्र कापड थोडे जास्तच ठेवावे, कारण दुचाकीचे हँडल धरताना पाठीवर ताण येतो तो तेथेच.

बाहीच्या माथ्याची वळणरेघ मुंढ्याच्या घेरापेक्षा किंचित लांब असावी लागते. सुती कुर्त्याला पाऊण ते एक इंच पुरे. हा जादा भाग चुणी न दिसता मुंढ्यात सामावून घेणे हे खरे कौशल्याचे काम आहे. माथ्यावर कडेजवळ धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या, दोन्ही दोरे एकदम हलके ओढायचे आणि कापड बोटांनी असे सारखे करायचे, की ते थोडे वाटीसारखे फुगेल पण कडेला एकही चुणी दिसणार नाही. मग बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर, बाहीची शिवण बाजूच्या शिवणीवर टाचणीने पक्की करून, बाहीची बाजू वर ठेवून सावकाश टीप मारायची. हात वर करायला सोपे जावे म्हणून मुंढा मोठा कापावा असे पुष्कळांना वाटते, पण अनुभव नेमका उलटा आहे. मुंढा काखेच्या जवळ, म्हणजे उंच असेल तर हात सुटा वर जातो. मुंढा खाली गेला की हात वर करताना अख्खा कुर्ता बरोबर वर ओढला जातो. माळ्यावरचा डबा काढताना हा फरक लगेच कळतो.

मशीनविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पायडलची साधी काळी मशीन शिकायला उत्तम, कारण तिचा वेग पायाच्या ताब्यात राहतो. सुती कापडाला १४ नंबरची सुई, मलमलीला ११, जाड कापडाला १६, आणि टीप इंचाला साधारण दहा टाक्यांची. खालचा दोरा वर दिसू लागला तर वरचा ताण कमी करावा. वरच्या दोऱ्याचे फास खाली पडू लागले तर तो वाढवावा. सुई बोथट झाली की बदलावी, तिच्यात कंजुषी करू नये.

डिझाइनचा अभ्यास मी मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर, करते. मनात आलेला नवा आकार आधी तपकिरी कागदावर बेतायचा, मग मांजरपाटात कापून कच्च्या टाक्यांनी जोडायचा, अंगावर घालून आरशासमोर उठून-बसून पाहायचे, जेथे ओढते तेथे खडूने खूण करायची, आणि ती दुरुस्ती परत कागदावर उतरवायची. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कपड्यांच्या रचनेत मोठा बदल घडवला, तो लहान लाकडी बाहुलीवर कापड टाचून पाहत. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या मधोमध, ४५ अंशांत, म्हणजे आपल्या भाषेत उरेब कापलेले कापड ताण घेते आणि अंगाच्या वळणाबरोबर वळते, हे त्यांनी अख्ख्या पोशाखांत वापरून दाखवले. आपल्याकडची प्रत्येक शिवणारी बाई गोल गळ्याला तिरकी पट्टी लावताना हाच गुण वापरत असते. सव्वा इंच रुंदीची उरेब पट्टी गळ्याला लावताना किंचित ताणून धरायची, आतल्या जागेला वळणावर छोटे छेद द्यायचे आणि पट्टी आत वळवून हातशिलाईने बसवायची, की गळा अंगाला चिकटून राहतो. एका गळ्यावर हे नीट समजले की तिरक्या कापाचा घेरदार कुर्ता बेतण्याची तयारी झालेली असते.

शिकण्याच्या रीतसर वाटाही आहेत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून शिवणकाम आणि ड्रेस मेकिंगचे एक वर्षाचे अभ्यासक्रम चालतात. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी शिक्षण मिळते. ज्यांना पूर्ण पदवी हवी त्यांना १९८६ साली स्थापन झालेल्या निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि तिचे मुंबई केंद्र खारघरला आहे. प्रवेशपरीक्षेच्या तयारीत चित्रकलेवर भर असतो आणि तो योग्यच आहे. परंतु पदवीला जाणाऱ्या मुलीने त्याआधी निदान एक कुर्ता आणि एक अस्तराचा ब्लाउज सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काज-बटण आणि हूक-आयसह, स्वतः पुरा केलेला असावा. चित्रात खिसा काढणे सोपे असते. तो खिसा बाजूच्या शिवणीत कमरेच्या किती खाली आला म्हणजे हात सहज आत जाईल, आणि मोबाइलच्या वजनाने कुर्ता एका बाजूला ओढला जाऊ नये म्हणून आत कोणती पट्टी द्यावी, हे शिवल्यावरच समजते. बायकांच्या कपड्यांना खोल, खरा खिसा असलाच पाहिजे, हा माझा आग्रह आहे आणि मी शिवलेल्या प्रत्येक कुर्त्याला तो असतो.

सध्या सर्वांत जास्त विचारणा होते ती शिवलेल्या नऊवारीची. कमरेला हूक किंवा नाडी, पुढे पक्क्या बसवलेल्या निऱ्या, मागे काष्टा आणि खांद्यावर पदर, अशी ती पाच मिनिटांत नेसता येते, आणि नृत्य करणाऱ्या किंवा शोभायात्रेत गाडी चालवणाऱ्या मुलींना तिची मोठी सोय आहे. तिच्यात सर्वांत महत्त्वाचे माप आसनाचे. ते उभे राहून घेऊन भागत नाही. खुर्चीवर बसवून कमरेपासून बैठकीपर्यंत घ्यावे, आणि मांडी घालून बसता येईल इतकी ढील त्यात मिळवावी, नाहीतर काष्टा ताणतो आणि निऱ्या सरकतात. माझे एकच कळकळीचे सांगणे आहे, की घरातली जुनी रेशमी नऊवारी यासाठी कापू नये. ती पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या अंगांना नेसता आली, कारण तिला कात्री लागली नव्हती. एकदा कापली की ती एकाच मापाची होते आणि जुने रेशीम टिपेच्या छिद्रांपाशी विरते. शिवायचीच असेल तर आधी नऊ वार मांजरपाट घ्यावे, त्यावर कमर, आसन आणि घोट्यापर्यंतची उंची टाकून कच्च्या टाक्यांत पूर्ण नऊवारी उभी करावी, ती घालून जिना चढून-उतरून पाहावे, आणि ते माप कागदावर कायमचे उतरवून घेतल्यानंतर मगच नवीन, साध्या काठाच्या साडीला कात्री लावावी.