तुम्ही विचारलंत म्हणून: मॅचच्या भावावर घर चालतं का?

"भैय्या, तुम्ही इंग्लंडात असताना ट्रेडिंगवर घर चालवायचात म्हणं, खरंय का? अन् खरंच चालतं का?" हा प्रश्न मला लातुरात आल्यापासून सारखा येतो, क्लासेसची पोरं विचारतात, भाच्याचे मित्र विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता एकानं विचारलं. तर उत्तर असं की हो, चालतं, माझं काही वर्षं चाललं आणि मी बुडालो म्हणून सोडलं असंही नाहीये. पण ते चालवताना माणसाचं काय होतं हे कुणी विचारत नाही, आणि सांगण्यासारखं जे आहे ते तेच आहे, म्हणून जरा लांबड लावतो, वाचा.

आधी ते काय असतं ते थोडक्यात. बायको नर्स, तिला लेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही तिकडं गेलो. तिच्या पगारातला मोठा भाग मुलीच्या नर्सरीत आणि इकडच्या घराच्या हप्त्यात जायचा, तिकडचं भाडं आणि किराणा माझ्याकडं. तिकडं बेटिंग एक्स्चेंज कायदेशीर आहे, बेटफेअर 2000 साली सुरू झालं. बुकीच्या विरुद्ध नाही तर लोकांनी लोकांच्या विरुद्ध भाव लावायचा, कंपनी मधे नफ्यावर कमिशन घेते. आपल्याकडं ज्याला लगाई-खाई म्हणतात तेच, लगाई म्हणजे जिंकेल म्हणून लावायचं, खाई म्हणजे जिंकणार नाही म्हणून समोरच्याची लगाई घ्यायची, फक्त स्क्रीनवर. मी घोड्यांच्या रेसवर काम करायचो, आणि कोण जिंकणार याच्याशी मला काही देणंघेणं नसायचं. रेस सुटायच्या आधीच्या आठ-दहा मिनिटांत भाव खालीवर होतात, तेवढ्यात आत जाऊन बाहेर यायचं. म्हणजे एखादा घोडा 5 च्या भावाला (जिंकला तर एकाचे पाच परत) 100 पौंड लगाई केला, भाव 4.8 वर आला की साधारण 104 ची खाई, मग घोडा पहिला येवो नाहीतर शेवटचा, आपले चार पौंड पक्के. भाव उलटा गेला तर तेवढेच किंवा जास्त गेले. दिवसात अशा वीस-तीस रेसा मिळायच्या. ऐकायला किती सोपं आहे बघा.

आता मुद्द्याचं.

नफा थेंबाथेंबानं येतो आणि तोटा एकदम येतो. तीन-चार पौंड, तीन-चार पौंड करत दुपारभर गोळा केलेलं एखाद्या रेसमधे घोडा गेटवर बिथरतो, भाव एकदम उडतो आणि चाळीस जातात. हे गणितात बसलेलं असतं, महिन्याच्या हिशोबात ते भरून निघतं, हे डोक्याला माहीत असतं. पण शरीराला माहीत नसतं. डॅनियल कानेमन आणि अमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मधे मांडलं होतं की गमावल्याचं दुःख तेवढंच कमावल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, साधारण दुप्पट असं पुढं धरलं गेलं. ते मी नंतर वाचलं, पण त्याआधी मला ते माझ्या जबड्यात कळलं होतं. दात आवळून बसायची सवय लागली होती, रात्री झोपेत पण, बायको उठवायची की दात खातोयस. उजव्या हाताचं बोट माऊसवर नसतानाही हलायचं.

आणि तेच चाळीस पौंड महिन्याच्या तीन तारखेला गेले तर काही वाटायचं नाही, अठ्ठावीसला गेले की पोटात गोळा. भाडं एक तारखेला. बाजार तोच, पद्धत तीच, रक्कम तीच, फक्त कॅलेंडर वेगळं, आणि मी माणूस म्हणून वेगळाच वागायचो. पोरं समजतात की प्रेशर म्हणजे हरायची भीती. तसं नाहीये हो. हरणं सहन होतं. ज्या पैशानं ट्रेड करायचा त्याच पैशातून दूध आणायचं हे सहन होत नाही, कारण मग भाव बघताना भाव दिसत नाही, भाडं दिसतं.

साधा हिशोब करा. खात्यात समजा 5,000 पौंड आहेत आणि घराला महिन्याला 1,000 लागतात. म्हणजे नुसतं आहे तिथं राहायला दर महिन्याला 20 टक्के पाहिजेत. एखादा महिना कोरडा गेला तर घराचे 1,000 तरी काढावेच लागतात, खात्यात उरले 4,000, आता शहाणपण सांगतं की रक्कम छोटी लाव आणि घर सांगतं की यावेळी जास्त आण. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही एकाच वेळी ऐकता येत नाहीत. माझ्या ओळखीतले जे तिथं मोडले ते सगळे याच जागी मोडले, पद्धत चुकली म्हणून कुणी नाही.

दिवसाचं टार्गेट ही दुसरी गोष्ट. न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवर कॅमरर, बॅबकॉक, लोवेनस्टाईन आणि थेलर यांचा 1997 चा एक अभ्यास आहे, त्यात त्यांना दिसलं की चांगल्या धंद्याच्या दिवशी ड्रायव्हर लवकर घरी जातात कारण दिवसाचे ठरलेले पैसे झाले, आणि मंदीच्या दिवशी उशिरापर्यंत फिरतात. पुढं इतर अर्थतज्ज्ञांनी यावर बराच वाद घातला, ते असो, पण माझ्याबाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. दुपारी तीनला पन्नास पौंड झाले की मी बंद करायचो, बाजार चांगला चालू असताना. आणि नाही झाले की संध्याकाळी वुल्वरहॅम्प्टनच्या लाईटखालच्या रेसांपर्यंत बसायचो, तिथं भाव पातळ, माणसं कमी, माझं डोकं शिणलेलं, म्हणजे जिथं बसू नये तिथंच बसायचो. अशाच एका संध्याकाळी मुलगी हातात चित्र घेऊन खुर्चीपाशी उभी होती, मी म्हणालो दोन मिनिटं थांब बाळा. ती थांबली. रेस उशिरा सुटली, एक घोडा गेटमधे शिरेना, ती तशीच उभी, मग ते चित्र कीबोर्डवर ठेवून गेली. त्या रेसमधे मला सहा पौंड मिळाले. त्या घोड्याचं नाव अजून आठवतं आणि चित्रात काय होतं ते आठवत नाही.

आणि एकटेपणा. नोकरीत दिवस वाईट गेला तर शेजारच्या टेबलवाल्याला सांगता येतं. इथं कुणाला सांगणार? गावाकडून फोन आला, जावई काय करतात, तर सासूबाई सांगायच्या कम्प्युटरवर असतात. तिकडं अशा कमाईवर टॅक्स लागत नाही, पोरांना हे ऐकून फार भारी वाटतं, पण टॅक्स नाही म्हणजे सरकारच्या लेखी तो धंदाच नाही. घर बदलताना एजंटनं तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, बायकोच्या दिल्या, माझ्यासाठी द्यायला कागदच नव्हता. दिवसभर राबायचं आणि कागदावर तुम्ही काहीच करत नाही, हे आतून कुरतडतं.

त्यात ज्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत त्या निराळ्याच. थंडीत मैदान गोठलं की रेसा रद्द. फेब्रुवारी 2019 मधे घोड्यांना फ्लू निघाला तर ब्रिटनमधल्या सगळ्या रेसा सहा दिवस बंद. आणि मग 2020, मार्चच्या 18 तारखेपासून सगळं ठप्प ते 1 जूनला न्यूकॅसलला पहिल्या रेसा झाल्या तोपर्यंत. स्वयंरोजगारवाल्यांना सरकारनं मदत दिली, ती मला लागू नव्हती, कारण वर सांगितलं तेच. बायको पीपीई घालून नाईटला जायची, मी मुलीला सांभाळायचो, पैशाची ओढाताण होती, दादांना म्हणजे वडलांना फोनवर खोटं सांगायचो की सगळं ठीक आहे.

आणि त्या अडीच महिन्यांत मला झोप लागायला लागली.

हे मी पोरांना मुद्दाम सांगतो कारण ते त्यांना पटत नाही. कमाई शून्य, बाहेर महामारी, तरी दात खाणं थांबलं. बायकोच्याच आधी लक्षात आलं. तेव्हा मला कळलं की मला पैशाच्या तंगीनं खाल्लं नव्हतं, प्रत्येक मिनिटाला माझी कमाई डोळ्यासमोर वरखाली होताना बघत बसण्यानं खाल्लं होतं. जूनमधे रेसा सुरू झाल्या आणि पहिल्याच दुपारी जबडा परत दुखायला लागला. मग मी एका वेअरहाऊसमधे सकाळची शिफ्ट धरली. पगार काही फार नव्हता, पण भाडं निघायचं. दुपारी थोडं ट्रेडिंग चालू ठेवलं, आणि काय सांगू, आधीपेक्षा चांगलं जमायला लागलं. भाव उलटा गेला की शांतपणे तोटा कापायचो, दुसरा घोडा बघायचो. शिकून काही नवीन आलं नव्हतं, फक्त भाडं त्या स्क्रीनवरून उठलं होतं.

दादांना एकदा सगळं नीट सांगितलं. ते म्हणाले, "आमचं तरी काय येगळंय रं, पाऊस पडंल का न्हाई, सोयाबीनला भाव मिळंल का न्हाई." खरंय, कोरडवाहू शेती म्हणजे जन्माची अनिश्चितता, 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 होता आणि बाजारात त्याच्या खालीच माल गेला. पण दादांनी माल वर्षातून एकदा दोनदा मोंढ्यात नेला, भाव ऐकला, शिव्या घातल्या आणि घरी येऊन जेवले. त्यांच्या सोयाबीनचा भाव त्यांना दर सेकंदाला कुणी दाखवला असता आणि दर सेकंदाला विकायचं का म्हणून विचारलं असतं, तर दादा पण रात्री दात खायला लागले असते.

आता इकडचं. इकडं लातूर, नांदेड, बीड, कुठंही जा, पोरांना एक्स्चेंज म्हणून जे मिळतं ती एजंटनं दिलेली आयडी असते, म्हणजे सट्ट्याच्या वेबसाईटचं लॉगिन. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, आणि ऑगस्ट 2025 मधे केंद्रानं पैशाच्या ऑनलाईन गेमिंगवर बंदीचा कायदा केला, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. म्हणजे इथं दाद मागायला जागा नाही. पण मला त्याहून भीतीची वाटते ती उधारी. तिकडं खात्यात पैसे असतील तेवढंच खेळता यायचं. इथं एजंट लिमिट देतो, हिशोब सोमवारी. रविवारी रात्री पोरगं शेवटच्या मॅचवर जे करतं ते सोमवारच्या भीतीनं करतं. माझी महिन्याची एक तारीख होती, त्याची दर आठवड्याला येते, आणि ती मागायला दारात माणूस येतो.

आयडी सोडून शेअर बाजारातल्या ऑप्शनमधे आलेले पण बरेच आहेत, ते कायदेशीर आहे, ठीक. पण सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2024 मधे सांगितलं की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफअँडओ म्हणजे फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून जास्त साध्या लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. पोरं म्हणतात आम्ही सात टक्क्यांत येऊ. येशील बाबा, हुशार आहेस, पण त्या सात टक्क्यांतल्या किती जणांचं भाडं आणि दूध त्याच्यावर चालतं हे त्या आकड्यात नाहीये. मला एक जण परवा म्हणाला, नोकरी लागत नाही, एमपीएससीची दोन वर्षं गेली, घरी विचारतात काय करायलास, तर महिन्याला वीस हजार निघाले तरी तोंड दाखवता येईल. याच्यावर मी काय बोलणार? त्याची अडचण खरी आहे, आणि ती जितकी खरी तितका तो स्क्रीनसमोर वाईट बसणार, हे मला माहितीय. त्याला मी एवढंच विचारलं की पुढच्या वर्षभराचं घर दुसऱ्या कशावर चालणार असेल तर सांग, मग बोलू. तो गप्प बसला, पण दुसऱ्या दिवशी परत आला, आणि सध्या तो मामाच्या कृषी सेवा केंद्रात बसतो. अभ्यास पण करतो.

"मग तुम्ही आता करता का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही. मी डाळमिलमधे अकाउंट बघतो, सात तारखेला पगार होतो.

ज्यांचं प्रकरण आधीच गळ्याशी आलंय, सोमवार जवळ आलाय, झोप उडालीय, नको ते विचार येतायत, त्यांनी 14416 ला फोन लावा, टेलिमानस, सरकारचं आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि घरी सांगायची हिंमत होत नसेल तर मला सांगा, मी सोबत येतो. याआधी पण गेलोय. वडील पहिले दहा मिनिटं ओरडतात, आई रडते, मग कुणीतरी चहा ठेवतं आणि एजंटचे किती, बँकेचे किती असं कागदावर लिहायला सुरुवात होते. रविवारी मी मोकळा असतो, इतर दिवशी संध्याकाळी सातनंतर.