राजकन्यांच्या टेबलावर एल्सा नसते

ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डची सहल आखताना कुटुंबं राइड्सवर तासन् तास बोलतात आणि कॅरेक्टर मील शेवटी, ‘एखादं टाका कुठेतरी’ म्हणून सांगतात. प्रत्यक्षात सगळ्या आठवड्याचा सांगाडा या जेवणांवर उभा राहतो. मिकी किंवा राजकन्या टेबलापाशी येऊन भेटतात अशा जेवणाला सव्वा ते दीड तास जातो, माणशी खर्च मोठा असतो आणि तारीख-वेळ दोन महिने आधी पक्की करावी लागते. अशा सहली आखून देणं हे माझं काम; गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या एका कुटुंबाचं नियोजन अजून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

माणसं नऊ. पुण्याचे नवरा-बायको, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि सहलीच्या दोन दिवस आधी दहा पूर्ण करणारा मुलगा, सांगलीहून आजी-आजोबा, न्यू जर्सीहून धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन वर्षांचं बाळ. आजोबा अंडंही न खाणारे. काम माझ्याकडे आलं तेव्हा दुसऱ्या एका एजंटाने मुलीला आधीच शब्द देऊन ठेवला होता, की ‘फ्रोजन’ चित्रपटातल्या ‘एल्साबरोबर जेवण’ मिळेल.

एल्सा डिस्ने वर्ल्डच्या कुठल्याही कॅरेक्टर मीलला नसते. गैरसमज होतो तो जागेमुळे. तिथल्या एपकॉट पार्कात नॉर्वेचा विभाग आहे, तिथेच ‘फ्रोजन’ची राइड आहे, आणि त्याला लागून आकरसहूस नावाच्या रेस्टॉरंटात राजकन्यांचं जेवण असतं. मग नॉर्वे, राजकन्या, म्हणजे एल्सा असणारच, असा हिशोब लोक करतात. तिथे येतात त्या बेल, स्नो व्हाइट, एरियल, ऑरोरा यांच्यासारख्या राजकन्या, आणि त्या दिवशी नेमक्या कोण हे आधी सांगता येत नाही. एल्सा आणि तिची बहीण ॲना भेटतात शेजारच्या रॉयल सोमरहूसमध्ये, रांगेत उभं राहून. पाच मिनिटांत तपासता येणारी ही गोष्ट न तपासता लहान मुलीला शब्द देणाऱ्या माणसाने हा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बुकिंग. टेबलं ६० दिवस आधी खुली होतात. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधी एकाच बैठकीत पुढच्या मुक्कामाची, जास्तीत जास्त १० दिवसांची, सगळी टेबलं घेता येतात; बाहेर राहणाऱ्यांना रोज एकेक दिवस. धाकट्या भावाने ऑरलँडोजवळच्या किसिमीत भाड्याचं घर घेतलं होतं, म्हणून नऊही जणांचं बुकिंग पुण्याच्या कुटुंबाच्या नावावर करायचं ठरवलं. त्यासाठी हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर डिस्नेच्या ॲपमध्ये आधी जोडलेला लागतो. शिवाय भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून ठेवावे लागतात, नाहीतर टेबल हाताशी असताना कार्ड नाकारलं जातं.

चेक-इन ८ मे २०२५. साठ दिवस मागे मोजलं की येतो ९ मार्च. अमेरिकेत घड्याळं पुढे जातात ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे नेमकी त्याच दिवशी. बुकिंग तिथल्या सकाळी ६ ला उघडतं. आदल्या दिवसापर्यंत ते आपल्याकडचे दुपारचे ४:३० होते, त्या दिवशी ३:३०. आमच्या ऑफिसातल्या सहायकाने गजर साडेचारचा लावला होता. ही गोष्ट दर मार्चमध्ये सांगावी लागते आणि दर मार्चमध्ये कुणीतरी ती विसरतं. माझ्या नियोजनाच्या तक्त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती म्हणून निभावलं.

टेबलं कुठल्या क्रमाने शोधायची, यातही कसब आहे. मुक्कामाच्या पहिल्या दिवशीचं टेबल तुम्ही ६० दिवस आधी शोधता, पण सातव्या दिवशीचं प्रत्यक्षात ६६ दिवस आधी. तिथे गर्दी कमी, म्हणून सर्वांत दुर्मिळ जेवण मुक्कामाच्या शेवटाकडे टाकायचं आणि पहिल्यांदा तेच पकडायचं. त्याच्या उलट ओढ जेटलॅगची. मे महिन्यात ऑरलँडो आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथल्या संध्याकाळी ६ चं जेवण म्हणजे भारतातून आलेल्या मुलाच्या शरीराला पहाटेचे साडेतीन. ताटावरच डोकं टेकतं. पहिले तीन दिवस रात्रीचं कॅरेक्टर मील मी कधीच देत नाही. तीच मुलं पहाटे चारला टक्क जागी असतात, म्हणून सुरुवातीला सकाळच्या वेळा चालतात.

नऊ जणांचं टेबल शोधलं तर ‘उपलब्ध नाही’ हेच उत्तर येतं. पाच आणि चार असं तोडून, नवरा-बायकोच्या दोन वेगळ्या खात्यांवरून एकाच वेळेचं शोधायचं. दारात गेल्यावर दोन्ही बुकिंग सांगून टेबलं जवळ मागायची. मिळतीलच असं नाही. दोन वर्षांच्या बाळाचे पैसे लागत नाहीत, पण त्याला संख्येत धरावंच लागतं. तीन ते नऊ वयाला मुलांचा दर, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. मुलाचे वडील म्हणाले, ‘ताई, दोनच दिवसांचा तर फरक आहे, नऊच लिहा ना.’ मी दहा लिहिलं. न गेल्यास किंवा दोन तास आधी रद्द न केल्यास सहसा माणशी १० डॉलर कापले जातात. हे रद्द करणं इतकं सोपं असल्यामुळे लोक एकाच दुपारची दोन-तीन टेबलं अडवून बसतात, आणि धाकट्या भावाने तेच केलं होतं. ती मी सोडायला लावली. खऱ्या गरजेच्या घराला त्यामुळे टेबल मिळत नाही, याचा मला राग येतो.

पहिलं पकडलं ते टोपोलिनोज टेरेस, रिव्हिएरा हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचा नाश्ता. मिकी, मिनी, डोनाल्ड आणि डेझी तिथे कलावंतांच्या वेशात येतात. हॉटेलातल्या अशा नाश्त्याला पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून तो शेवटच्या, पार्क नसलेल्या दिवशी ठेवला. मग ॲनिमल किंगडम पार्कातलं टस्कर हाउस. तिथल्या बफेत आफ्रिकी पदार्थांबरोबर भारतीय मसाल्यांचीही छाप असते. आजोबांचं पोट भरेल ते तिथेच, हे मला माहीत होतं. अंड्याचा प्रश्न बुकिंगमध्येही लिहायचा आणि टेबलावर बसताच शेफला बोलावून पुन्हा विचारायचा. नेहमीच्या वॉफलमध्ये अंडं असतं, हे आजोबांना आधीच सांगून ठेवलं.

बाळासाठी वेगळी सूचना दिली. मुखवट्याची पात्रं, गूफी किंवा प्लूटो, बोलत नाहीत आणि आकाराने अवाढव्य असतात. दोन वर्षांची मुलं त्यांना हमखास घाबरतात. बाळाची खुर्ची भिंतीकडे, वाटेकडे कधीच नको. पात्रं ठरावीक क्रमाने टेबलं घेतात. बफेच्या रांगेत असताना एखादं येऊन गेलं, तर बरोबरच्या मदतनिसाला लगेच सांगायचं, ते परत आणतात.

राहिलं आकरसहूस. आधी एल्साची रांग, नंतर जेवण, असा क्रम मला हवा होता. मुलीच्या मनातली मोठी गोष्ट उरकली की ती निवांत जेवली असती. पण पाच आणि चार जुळत होते फक्त दोन वेळांना: ११:३० आणि २:४०. दुपारी २:४० म्हणजे मुलीची आणि बाळाची झोपेची वेळ, वर मे महिन्यातलं फ्लोरिडाचं ऊन, आणि आजी-आजोबांना एपकॉटमधल्या तलावाभोवतीच्या सुमारे दोन किलोमीटरच्या फेरीतला बराचसा भाग चालायचा. ११:३० घेतलं. फक्त एक अट आईवडिलांसमोर ठेवली: एल्सा जेवणाला नाही, जेवणानंतर शेजारच्या घरात भेटेल, हे मुलीला आदल्या रात्री सांगायचं. आई ‘हो’ म्हणाली. वडील म्हणाले, ‘कशाला? चार राजकन्या बघितल्या की विसरेल ती.’

जेवणाच्या दिवशी, आपल्याकडचे रात्रीचे सव्वानऊ-साडेनऊ झाले असताना आईचा व्हॉट्सॲप आला. मुलीला सांगितलेलं नव्हतं. ती जेवत नव्हती, प्रत्येक राजकन्येला मराठीत विचारत होती, ‘एल्सा कधी येणार?’ दाराकडे तोंड करून बसली होती. मी कळवलं, की राजकन्यांची फेरी पूर्ण होताच गोड येण्याची वाट न बघता आईने तिला घेऊन सोमरहूसच्या रांगेत जावं, बाकीच्यांनी जेवण सावकाश उरकावं, आणि पर्समध्ये केळं किंवा बिस्किटं घ्यावीत, कारण रांगेत भूक लागेलच.

एल्सा भेटली. मुलगी खूश झाली, स्ट्रोलरमध्ये झोपली. वडिलांच्या मते सगळं छान पार पडलं. आईने दोन दिवसांनी आकरसहूसचे फोटो पाठवले. आठ जण राजकन्येकडे बघून हसताहेत, आणि जिच्यासाठी हे सगळं जेवण घेतलं ती प्रत्येक फोटोत दुसरीकडे बघते आहे. ‘ताई, २:४० चं घेतलं असतं तर?’ असं आईने विचारलं.

मी तेव्हापासून हाच विचार करते आहे. २:४० ला मुलगी एल्साला भेटून आलेली असती, पण अर्धवट झोपेत, चिडचिडी. बाळ रडत असतं, आणि आजोबा उपाशीपोटी तीन वाजेपर्यंत उन्हात. वेळेचा हिशोब ११:३० च्या बाजूने आहे. मुलीच्या मनाचा हिशोब कुठल्या बाजूने, ते मला पुण्यात बसून ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही. ते जेवणच गाळून फक्त सोमरहूस ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण दिलेल्या शब्दात ‘जेवण’ होतं, आणि ते गाळायला दोघेही तयार नव्हते.

आता माझ्या तक्त्यात रेस्टॉरंट, वेळ, कोण भेटेल, शाकाहारी सोय, यांच्या पुढे आणखी एक रकाना आहे: कोण नसेल. तो पालकांना फोनवर वाचून दाखवते आणि मुलाशी यावर बोलणं झालं का, ते विचारल्याशिवाय कार्डाचा नंबर घेत नाही. काही वडिलांना ते आवडत नाही.