पानगळीच्या अखेरीस पाइकच्या मागावर

तळ्यावर बर्फ धरण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत मोठा पाइक, म्हणजे गोड्या पाण्यातला दातेरी शिकारी मासा, गळाला लागण्याची शक्यता चांगली असते. वसंतातील विणीसाठी माद्यांच्या पोटात या सुमारास अंडी भरत असतात आणि त्यांना खाण्याची गरज असते. जागतिक विक्रम म्हणून नोंदलेला २५ किलोचा पाइकही जर्मनीतील ग्रेफेर्नच्या तळ्यात १९८६ च्या ऑक्टोबरमध्येच मिळाला होता. आमची अपेक्षा अर्थातच त्याहून पुष्कळ माफक होती. माझे सोबती या माशाच्या मागे अनेक वर्षे हिंडलेले. मी मात्र आजवर तो उन्हाळ्यातच धरलेला होता आणि त्या अनुभवावर भलताच विसंबून होतो. आमच्या तीन दिवसांपैकी पहिला त्यापायीच वाया गेला.

त्या सकाळी पृष्ठभागाचे पाणी ७ अंश सेल्सिअस होते. मी हट्टाने होडी उथळ, गवताळ कोपऱ्यात नेली आणि चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष उन्हाळ्यातल्या वेगानेच ओढत राहिलो. दर खेपेस गळाला तपकिरी, बोटांत धरताच लगदा होणारे पाणगवत येत होते, आणि ती खूण मला वाचता आली नाही. मेलेले गवत कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो, आडोसाही नाहीसा होतो. मग बारीक मासे तेथून हलतात आणि त्यांच्यामागोमाग पाइकही हलतो. दुपारपर्यंत सोबत्यांनी मला माझ्या मनासारखे करू दिले आणि मग एवढेच म्हणाले, "गळाला हिरवे गवत लागेपर्यंत नांगर टाकू नकोस."

त्या वाक्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. पानगळीत पृष्ठभाग गार होत जातो, ते पाणी खाली बसते, खालचे वर येते आणि वाऱ्याच्या मदतीने सगळे तळे ढवळले जाऊन वरपासून तळापर्यंत तापमान जवळजवळ सारखे होते. उन्हाळ्यात खोल पाण्यात प्राणवायू कमी असल्यामुळे जे मासे वरच्या थरात अडकलेले असतात, त्यांना आता खोलीही मोकळी होते. पाइक तेव्हा कोठेही असू शकतो, पण तो मुख्यतः दबा धरून मारणारा मासा आहे, त्यामुळे उरलेले हिरवे गवत आणि एकदम उतरत जाणारा तळ जेथे जवळजवळ येतात, तेथे त्याला शोधणे सर्वांत शहाणपणाचे.

दुसऱ्या दिवशी अशी कडा सापडली. ३ मीटरवरचा तळ तेथे थोड्याच अंतरात ६ मीटरवर जात होता, आणि काठावर ताजे, करकरीत गवत उभे होते. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्रावर, बारीक माशांचा दाट पुंजका दिसला, तेव्हा आम्ही वाऱ्याच्या बाजूने येऊन हळूच नांगर सोडला. आमिष म्हणून १५ सेंटिमीटर लांबीचा, पाण्यात जागच्या जागी तरंगून राहणारा कृत्रिम मासा लावला. काठीच्या शेंड्याने दोन हलके झटके द्यायचे आणि मग आठ ते दहा सेकंद काहीही करायचे नाही, असा क्रम सोबत्यांनी घालून दिला. गार पाण्यात माशाची शरीरक्रिया मंदावते. तो उडी घेतो, पण लांब पाठलाग सहसा करीत नाही. दहा सेकंद थांबणे किती अवघड असते, हे करून पाहिल्यावरच कळते, आणि मी पहिला तासभर चारपर्यंत मोजूनच रीळ फिरवत होतो. मासा लागला तो नवव्या सेकंदाला, तोही धक्का न देता. दोरी किंचित बाजूला सरकली आणि गवत अडकल्यासारखे जड लागले. असे जड लागताच हिसका द्यावा, कारण गवत वाट पाहते, पाइक पाहत नाही. तो ८१ सेंटिमीटर भरला.

दुपारनंतर फ्लोटखाली, म्हणजे दोरीवरच्या तरंगत्या खुणेखाली, मेलेले आमिष लावले. बांगड्यासारखा तेलकट समुद्री मासा या काळात फार उपयोगी पडतो, कारण पाइकला वासावरून फुकटचे अन्न उचलणे परवडते. दोन तिहेरी गळांपैकी वरचा शेपटीच्या मुळाशी आणि दुसरा कुशीत, असे ते टाचावे. माझी गंभीर चूक येथे झाली. फ्लोट बुडाला नाही, तो आडवा झाला आणि संथपणे खोल पाण्याकडे चालू लागला. माशाला आमिष नीट घेऊ द्यावे, या जुन्या समजुतीने मी थांबलो. पाइक शिकार आडवी पकडतो आणि मग वळवून डोक्याच्या बाजूने गिळतो, त्यामुळे थोड्याच वेळात गळ घशापाशी पोहोचले. सुटका करायला मोठी कातर लागली आणि मासा वाचला तो केवळ गळाच्या उलट नांग्या आधीच दाबून ठेवलेल्या होत्या म्हणून. फ्लोट चालू लागताच दोरी ताणून हिसका द्यावा, मासा निसटला तरी चालेल.

साहित्याबाबत थोडे. पाइकच्या दातांपुढे साधी दोरी टिकत नाही, म्हणून किमान ४५ सेंटिमीटरची तार आणि निदान १५ किलो भार पेलणारी विणलेली दोरी वापरावी. लांब चिमटा, तार तोडणारी पक्कड, रबरी जाळीचे मोठे हातजाळे आणि ओली चटई हाताशी नसेल तर पहिला गळ टाकूच नये. माशाला पकडताना बोटे कल्ल्याच्या झाकणाखालून जबड्याच्या हाडापर्यंत सरकवावीत, लाल कल्ल्यांना स्पर्श होऊ देऊ नये. हवा शून्याखाली असेल तर ओले कल्ले पटकन गोठतात. तेव्हा गळ शक्यतो जाळ्यात, पाण्यातच काढावा आणि छायाचित्राचा मोह आवरावा. जिवंत माशाचे आमिष काही देशांत बेकायदा आहे, आयर्लंड हे त्याचे एक उदाहरण. लांबीची मर्यादा आणि बंदीचे महिनेही जागोजागी निराळे असल्याने ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

होडीत तरंगजाकीट अंगावरच असावे, बाकाखाली नव्हे. इतक्या गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही आणि पुढच्या दहा-एक मिनिटांत बोटे कामातून जातात, मग पोहता येत असल्याचा फारसा उपयोग राहत नाही. कोरडे कपडे आम्ही जलरोधक पिशवीत ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी काठीच्या कड्यांमध्ये प्रत्येक फेकीनंतर बर्फाचे मणी साचत होते. काठी पाण्यात बुडवून ते विरघळवावे लागत, कारण नखाने खरवडले की कडीच्या आतले अस्तर निघण्याची भीती असते. एकच ओढ आली, तीही दुपारी दोनच्या सुमारास, जेव्हा ऊन कडेवर तासभर टिकले होते. मासा ९४ सेंटिमीटरचा होता आणि त्याला जाळ्याबाहेर न काढताच सोडले. चार वाजता काठालगत बर्फाचा काचेसारखा पापुद्रा धरू लागला, आणि होडी त्यातून चरचरत नेत आम्ही धक्क्याला लावली.