शिडाच्या बोटीचं डिझेल इंजिन आणि कॅलिब्रेशनला गेलेला पंप

"पंप आणि नोझल काढून कॅलिब्रेशनला पाठवू," असं वर्कशॉपवाला म्हणाला की त्याला तिथेच थांबवा. (पंप म्हणजे दाबाने डिझेल पुरवणारा, नोझल म्हणजे ते सिलिंडरमध्ये फवारणारा, आणि कॅलिब्रेशन म्हणजे त्यांचा दाब आणि माप यंत्रावर तपासून जुळवणं.) आधी कॅनवर, म्हणजे टाकीऐवजी वेगळ्या कॅनमधल्या स्वच्छ डिझेलवर, इंजिन चालवून बघा, मग काय ते उघडा. आमच्या वर्कशॉपने ही साधी चाचणी करायला साफ नकार दिला, आणि ऐन थंडीत, मुंबईत शीड लावायला सगळ्यात चांगले दिवस असतात तेव्हा, आमची बोट मुरिंगवर, म्हणजे पाण्यात बांधून ठेवायच्या जागी, नुसती उभी राहिली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

बोट 28 फुटी, आम्हा तिघा मित्रांची. इंजिन 2 सिलिंडरचं, केबिनच्या पायऱ्यांमागे बसवलेलं. बटण दाबलं की लगेच सुरू व्हायचं. मुरिंगवर तासभर रिकामं चालवलं तरी तक्रार नाही. पण बाहेर पडून आरपीएम 2500 च्या वर नेले की वीसेक मिनिटांत आवाज वरखाली व्हायला लागायचा, इंजिन दम टाकायचं आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. एकदा मांडव्याहून परतताना वारा पूर्ण पडलेला, ओहोटी जोरात, जहाजांचा चॅनल समोर, आणि तिथेच ते बंद पडलं. शीड चढवलं तरी बोट पाण्याबरोबर वाहतच होती. तेव्हापासून हे प्रकरण मुळापर्यंत न्यायचं ठरवलं.

इंजिन कसं बंद पडतं याकडे नीट लक्ष द्या, निम्मं निदान तिथेच होतं. एका झटक्यात बंद पडलं तर स्टॉप सोलेनॉइड (इंजिन बंद करणारा विजेवरचा भाग) किंवा स्टॉपची केबल बघा. वरखाली होत, तडफडत बंद पडलं तर डिझेल कमी पडतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी, एक्झॉस्ट चोकअप किंवा बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यावर शिंपल्यांचा थर बसून वाढलेला लोड (इंजिनावरचा भार). निळा म्हणजे ऑइल जळतंय. आमच्याकडे यातला कुठलाच धूर नव्हता. एक्झॉस्टमधून पाणी व्यवस्थित पडत होतं, गरम झाल्याचा बझर कधी वाजला नाही, ऑइलची काडी स्वच्छ होती, दुधाळपणा नव्हता. टाकीचं हवेचं भोक बुजलंय का म्हणून भरायचं झाकण सैल ठेवून चालवलं, तरी फरक नाही. दोन्ही फिल्टर बदलून एअर काढली, तेव्हा पहिल्या फिल्टरच्या वाटीत पाण्याचे थेंब आणि काळे कण दिसले.

हे सगळं मी वर्कशॉपला सांगितलं. वाटीचा फोटो दाखवला. म्हटलं, घाण टाकीकडून येतेय, आधी कॅन लावू. उत्तर ठरलेलं: "लोडवर बसतंय म्हणजे पंपच. कॅनने काही कळत नाही. पंप केल्याशिवाय आम्ही गॅरंटी देणार नाही." भागीदार दोघंही बाहेरगावी, दुसरा माणूस मिळेना. पंप आणि दोन्ही नोझल गेले.

मग सुरू झाली वाट बघणं. फोन केला की "उद्या". उद्या फोन केला की टेस्ट बेंचवर दुसरं काम. मग वॉशर यायचे होते. मग ज्याच्याकडे काम तो गावाला. शेवटी मी जाऊन समोर बसलो आणि कॅलिब्रेशनचा कागद मागितला. खूप शोधाशोध केल्यावर तो मिळाला. दुरुस्तीच्या आधीचं रीडिंग त्यात होतं: दोन्ही नोझल ज्या दाबाला उघडायला हवेत त्याच दाबाला उघडत होते, पंपाची दोन्ही सिलिंडरची डिलिव्हरी सारखी होती. म्हणजे पहिल्याच दिवशी त्यांना कळलेलं होतं की पंपात दोष नाही. तरी सील, वॉशर, सफाई, मजुरी धरून पाच आकडी बिल झालं.

पंप बसवून त्यांनी मुरिंगवर थोडा वेळ चालवलं आणि सही मागितली. मी म्हटलं, लोड देऊन बंदराबाहेर नेऊ. ते आमच्या कामात येत नाही, म्हणाले. पुढच्याच खेपेला मुंबई बंदरातल्या मिडल ग्राउंड बेटाजवळ तेच: आवाज वरखाली, दम, बंद.

सुटका केली ती करंज्याच्या एका मिस्त्रीने. मच्छीमारांच्या बोटींवर त्याचा हात बसलेला. त्याने ऐकून घेतलं, एकच प्रश्न विचारला, "कॅनवर चालवून बघितलंत का?" आणि पिशवीतून नळी काढली. त्याची पद्धत नीट लिहून ठेवतो. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर ठेवायचा, नळी थेट लिफ्ट पंपाला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला) जोडायची, नोझलची रिटर्न नळीही, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी, त्याच कॅनमध्ये सोडायची, आणि बोट लोडवर चालवायची. इंजिन चाललं तर पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळं ठीक. मग कॅन खाली ठेवून पुन्हा चालवायचं, म्हणजे लिफ्ट पंप नीट ओढतोय का ते कळतं. मग कॅन खालीच ठेवून मधे फिल्टर घ्यायचा आणि पारदर्शक नळीत बुडबुडे येतात का बघायचं. कॅन उंचावर असताना सैल जोडातून हवा आत शिरत नाही, उलट डिझेल बाहेर झिरपतं, म्हणून खालचा कॅन फार महत्त्वाचा.

तिन्ही वेळा आमचं इंजिन न अडखळता चाललं. टाकी जोडली की अर्ध्या तासाच्या आत बंद.

मिस्त्रीने टाकीतला ओढायचा पाइप वर काढला. टोकाला हाताच्या बोटाएवढी पितळी जाळी होती आणि तिच्यावर काळी, बुळबुळीत साय. नखाने ओढली तर जेलीसारखी सुटून आली. टाकीच्या तळाशी पाणी साचतं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा हा गाळ. जोरात चालवलं की तो जाळीवर ओढला जायचा, इंजिन थांबलं की ओढ सुटून खाली बसायचा. दहा मिनिटांनी इंजिन पुन्हा का सुरू व्हायचं, ते तेव्हा कळलं.

जाळी कायमची काढून टाकली. गाळायचं काम फिल्टरचं, आणि फिल्टर हात पोचेल तिथे असतो. टाकी उपसून पुसली. पावसाळ्यात बोट वर काढताना टाकी काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आत दमट हवा राहत नाही आणि पाणी साचत नाही. महिन्याला फिल्टरच्या वाटीचं पाणी सोडतो.

एक राहिलं. कधी खरंच पंप काढावा लागला, तर त्याच्याखालच्या पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) समोर मोजून घ्या आणि तेवढ्याच परत बसवायला लावा. शिम बदलली की टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, बदलतं. आणि बिल देण्याआधी दोन्ही रीडिंग लेखी मागा, दुरुस्तीपूर्वीचं आणि नंतरचं. आमच्या वर्कशॉपने आधीचं रीडिंग समोर असूनही पैसे परत केले नाहीत.